मदत हवी आहे: कामगार न्यायालयात कंपनीच्या वकिलाला संमती द्यावी का? (नाशिक)

माझे वडील अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेस शॉपला ऑपरेटर होते. खात्यांतर्गत चौकशी करून त्यांना कामावरून काढलं. कामगार आयुक्त कार्यालयात समेट झाला नाही, म्हणून 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 2अ खाली नाशिकच्या कामगार न्यायालयात थेट अर्ज केला. एमआरटीयू-पल्पची (युनियनची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांविषयीचा महाराष्ट्राचा वेगळा कायदा) तक्रार नाही, हे आधीच सांगते, कारण बरेच जण दोन्ही एकच समजतात.

कारखान्यात युनियन नाही. सातपूरच्या एका नोंदणीकृत युनियनचे पदाधिकारी वडिलांच्या वतीने उभे राहतात. एक पैसा घेत नाहीत. माणूस जीव तोडून काम करतो.

मागच्या तारखेला कंपनीतर्फे एक वकील आले. वकीलपत्र आणि परवानगीचा अर्ज दाखल केला, प्रत आम्हाला दिली. आता त्यावर आम्हाला 'से', म्हणजे आमचं लेखी म्हणणं, द्यायचा आहे. बाहेर पॅसेजमध्ये त्यांनी वडिलांना सांगितलं, "काका, ही नुसती फॉर्मॅलिटी आहे. 2011 पासून वकिलांना कुठेही उभं राहता येतं. इथे सही करा." वडिलांनी सही केली नाही. चौकशीतही त्यांच्यासमोर असेच कागद ठेवले होते आणि तेव्हाच्या सह्या आज कंपनी पुरावा म्हणून दाखवते आहे.

सही नाकारली तर न्यायाधीश नाराज होतील का? आणि उद्या आम्हाला वकील हवा असेल तर?

प्रतिसाद, सातपूरकर:

ताई, वडिलांनी सही केली नाही ते उत्तम झालं. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 36(4) सरळ आहे: कामगार न्यायालयात वकील उभा करायचा तर समोरच्या पक्षाची संमती हवी आणि न्यायालयाची परवानगीही हवी. दोन्ही. 1976 च्या पारादीप पोर्ट ट्रस्टच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय. संमती नाकारणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, त्यात कुणी नाराज व्हायचा प्रश्न येत नाही.

2011 चं म्हणाल तर त्या वर्षी वकिलांना सर्व न्यायालयांत उभं राहण्याचा हक्क देणारं अधिवक्ता कायद्याचं कलम 30 लागू झालं, हे खरं. पण त्यामुळे 36(4) ची अट गळून पडली का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला. म्हणजे पॅसेजमध्ये सांगितलं तितकं ते सोपं नाही. 1947 च्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही संमतीची अट तशीच ठेवली आहे.

एक मात्र करा. गप्प बसू नका. हरकत न घेता तारखा जाऊ दिल्या तर मूक संमती होती असं धरलं जातं, आणि एकदा दिलेली संमती मागे घेता येत नाही असं अनेक निकालांत म्हटलंय.

प्रतिसाद, कामगारमित्र:

वरच्या दादांशी कायद्याच्या बाबतीत सहमत, पण नकार देण्याआधी एक विचार करा. उलटतपास कोण घेणार?

तुमच्या केसचा सगळा जीव चौकशी न्याय्य होती का, यात आहे. चौकशी अधिकारी आणि एचआर मॅनेजर साक्षीला येतील. तुमचे पदाधिकारी त्यांचा उलटतपास नीट घेतात का? घेत असतील तर बेलाशक नकार द्या, मुद्दाम वकील आणून तारखा वाढवू देऊ नका. नसतील घेत, तर तुम्हालाही कधीतरी वकील लागेल, आणि तेव्हा कंपनी नक्की नाही म्हणेल. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो. पण त्या वकिलालाही कंपनीची संमती लागणारच.

वाट आणखी एक आहे. वकील हा युनियनचा खराखुरा पदाधिकारी असेल तर तो 36(1) खाली उभा राहू शकतो, तिथे संमतीचा प्रश्न नाही. मात्र कंपनीही हेच करू शकते: मालक संघटनेचा पदाधिकारी म्हणून वकील आणेल. तसं झालं तर त्याची नेमणूक दाखवणारा ठराव मागा. संघटनेचा फी घेणारा वकील असणं म्हणजे पदाधिकारी असणं नव्हे, हेही पारादीपमध्येच आहे.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. वडिलांशी आणि युनियनच्या काकांशी बोलले. काकांनी याआधी चौकशी अधिकाऱ्यांचे उलटतपास घेतलेत, आमची चौकशीची फाईलही त्यांना पाठ आहे. वडील म्हणाले, "मग आपण आपल्या माणसावरच उभं राहू." नकार द्यायचं ठरलं. 'से'मध्ये नेमकं काय लिहायचं?

प्रतिसाद, सातपूरकर:

थोडक्यात लिहा. "अर्जदार कामगाराची कलम 36(4) प्रमाणे विरुद्ध पक्षाच्या वकिलास संमती नाही. यापूर्वीही संमती दिलेली नाही. सबब अर्ज नामंजूर करावा." कारणं लिहीत बसू नका, त्यावरच वाद सुरू होतो. खाली वडिलांची आणि प्रतिनिधीची सही. येत्या तारखेलाच द्या, एक प्रत त्या वकिलांना देऊन आपल्या प्रतीवर त्यांची पोच घ्या, आणि रोजनाम्यात (न्यायालयाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंद झाली का ते त्याच दिवशी बघून या.