१९९० ची मियाटा: इंजिन बांधू की बदलू? (बजेट २५०० डॉलर)

नोव्हायकर
नमस्कार मंडळी. मिशिगनमध्ये एका आजोबांकडून १९९० ची माझदा मियाटा घेतली. लाल, पाच गिअर, १ लाख ६४ हजार मैल. टप (कापडी छप्पर) फाटलाय, मागच्या चाकांजवळ गंज आहे (इथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्यातून कोणतीच गाडी सुटत नाही). बाकी बॉडी ठणठणीत.

इंजिन मूळचंच, १.६, म्हणजे १५९७ सीसी. ऑइल पितं, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मागे निळा धूर. कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब, पीएसआयमध्ये) घेतलं: १६५, १६०, १०५, १६२. तीन नंबरचा घोळ आहे हे मलाही कळतंय.

हिवाळाभर गाडी गॅरेजमध्येच असणार, तेव्हा इंजिन स्वतः उतरवून बांधायचा विचार आहे. जमलं तर ताकद थोडी वाढवायची. बजेट २५०० डॉलर, आणि ते खरंच २५०० आहे. रिंगा-बेअरिंग टाकून हेच बांधू, की जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणू? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

एडिसनचा_अण्णा
विका. मी २०१९ ची मियाटा घेतली, २ लिटर, १८१ हॉर्सपॉवर. बटण दाबलं की चालू. धूर नाही, कटकट नाही, वॉरंटी आहे. जुन्या गाडीत पैसे घालणं म्हणजे भाड्याच्या घराला मार्बल बसवणं. तुमच्या बजेटमध्ये डाउन पेमेंट होईल.

उद्यमनगरी
भावा, आधी एक सांग. कॉम्प्रेशन घेतलंस ते कोरडंच घेतलंस का? तीन नंबरच्या प्लगच्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑइल सोड, चार फेऱ्या मार आणि परत गेज लाव. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा नाहीतर बोअर (सिलिंडरचं आतलं भोक). न्हाई चढला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. हे केल्याबिगर स्पॅनर हातात धरू नकोस.

आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात ब्लॉक आणलास तर सांजच्याला बोअर करून देतील. पण तू लई लांब.

आरएक्स_१००_कायमची
उद्यमनगरी +१. माझ्या आरएक्स १०० बाइकचं सिलिंडर दोनदा बोअर केलं. ५० चा बोअर, ५० चा स्ट्रोक, ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, आणि घाटात आजही दीडशेवाल्यांना धूर खायला लावते. इंजिन कधी बदलू नये, बांधावं. मूळ इंजिन ते मूळ इंजिन.

एडिसनचा_अण्णा
टू-स्ट्रोक आणि सोळा व्हॉल्व्हचं ट्विन कॅम यात काही फरक असतो हो.

आरएक्स_१००_कायमची
फरक असतो ना. आमच्याला वॉरंटी लागत नाही.

बे_एरिया_बाळू
काहीही करण्याआधी स्मॉगचं (धुराच्या तपासणीचं) बघा! कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट आहे. मी एअर फिल्टरचा डबा बदलला, तर त्या पार्टवर मंजुरीचा नंबर नाही म्हणून इन्स्पेक्टरने गाडी परत पाठवली. इंजिन बदललं तर रेफ्रीकडे (सरकारने नेमलेल्या खास तपासणी केंद्रात) जावं लागतं. कटकट आहे नुसती.

नोव्हायकर
बाळू, मिशिगनमध्ये धुराची टेस्ट नाही. पण धूर आहे, म्हणून शेजारी माझ्याकडे बघतात.

उद्यमनगरी, ऑइल टाकून घेतलं. १०५ चं १५० झालं. म्हणजे रिंगा?

उद्यमनगरी
रिंगा. नाहीतर बोअरला वरखडा. उघडल्यावर कळंल.

टॉर्करेंच
मी याच गाडीचा १.६ बांधलाय आणि नंतर १.८ पण टाकलाय, तेव्हा थोडं लांबण लावते.

नोव्हायकर, इंजिन उघडायच्या आधी पुढून क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची) पुली बघा. पुलीच्या मधल्या बॉसला चार खाचा दिसल्या तर तो छोट्या नाकाचा (पुढच्या टोकाचा) क्रँक. आठ असतील तर मोठ्या नाकाचा. १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांना छोटं नाक आहे. टायमिंग बेल्ट बदलताना कोणी तो बोल्ट नीट आवळला नसेल तर चावीची (पुली क्रँकवर अडकवणाऱ्या छोट्या लोखंडी तुकड्याची) खाच झिजते, पुली डोलायला लागते, टायमिंग मागे सरकतं आणि गाडी मरगळते. झिजलेल्या क्रँकवर नवीन रिंगा टाकल्या तर पैसे पाण्यात.

खाच थोडीच झिजली असेल तर नवीन चावी आणि लॉकटाइट ६६० (धातूचे भाग घट्ट धरणारा डिंक) लावून बसवतात. टिकतं. जास्त झिजली असेल तर क्रँक बदला, किंवा सरळ इंजिनच बदला.

माझं मत: १९९४-९५ च्या गाडीचं १.८ शोधा. १८३९ सीसी, १२८ हॉर्सपॉवर, तुमच्या १.६ चे ११६. माउंट जुळतात, तुमचंच वायरिंग आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वापरता येतो (मिश्रण मात्र तपासून घ्यायचं). फ्लायव्हील-क्लच १.८ चाच घ्या, तो २१५ मिलिमीटरचा आहे, तुमचा २०० चा. बजेटमध्ये बसतं.

पुण्याचा_फियाटवाला
१.८ ला अनुमोदन. तसंही १.६ म्हणजे आमच्या पद्मिनीच्या दीडपट. १०८९ सीसीत सहा माणसं आणि छपरावर गादी घेऊन महाबळेश्वर चढलोय. स्पोर्ट्स कार वगैरे सगळं मानण्यावर असतं.

गोंयकार_७
भारतात झालेली स्पोर्ट्स कार म्हणजे सॅन स्टॉर्म. फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसी इंजिन. कोणाकडे आहे का? विंडशिल्डचं रबर हवंय.

पुण्याचा_फियाटवाला
६० हॉर्सपॉवरला स्पोर्ट्स कार म्हणायचं तर आमची ४० ची पद्मिनी म्हणजे सेमी-स्पोर्ट्स.

गोंयकार_७
छप्पर काढता येतं का तुमच्या पद्मिनीचं?

पुण्याचा_फियाटवाला
गंजानं आपोआप निघतंय.

एडिसनचा_अण्णा
१.८, क्लच, फ्लायव्हील, होसेस, गॅस्केट, रेडिएटर. आत्ताच सांगतो, साडेचार हजारांच्या खाली येत नाही. मी सुरुवातीलाच म्हटलं होतं.

टर्बो_तात्या
टर्बो लावा. ११६ चे १८० होतात. मी टेक्ससमध्ये लावलाय. किट, इंजेक्टर, प्रोग्रॅमेबल ईसीयू, इंटरकूलर, क्लच आणि नंतर डिफरन्शियल (१.६ चं छोटं असतं, ते गेलंच), सगळं मिळून सहा-सात हजारांत. स्वस्तात मजा.

उद्यमनगरी
तीन नंबर १०५ दाबतोय आणि ह्यो टर्बो लावायला सांगतोय. नाद खुळा.

नोव्हायकर
इंजिन उतरवलं, हेड काढलं, पिस्टन बाहेर आले. तीन नंबरची वरची रिंग दोन तुकड्यांत निघाली. त्याच सिलिंडरच्या भिंतीवर उभा ओरखडा आहे, साधारण अडीच इंच. नख फिरवलं की अडकतं. बाकी तिन्हींत होनिंगची (भिंत घासून काढलेल्या बारीक रेघांची) जुनी जाळी अजून दिसते.

पुलीला चार खाचा. चावीची खाच झिजलेली आहे, चावी बोटानं हलते. टॉर्करेंचताई, तुम्ही म्हणाल तेच निघालं.

उद्यमनगरी
नख अडकलं म्हणजे बोअर. होनिंगनं जात न्हाई, कुणी कायबी सांगू दे. एकटं तीन नंबर करायचं न्हाई, चारी सिलिंडर एका मापात घ्यायचं. ७८ मिलिमीटरचं ७८.५ कर, ओव्हरसाइज पिस्टन मिळतात. आणि पिस्टन आधी मागव, मग ब्लॉक बोअरिंगला दे. पिस्टन मोजून त्या मापानं बोअर होतो. उलटं केलंस तर बोअरिंगवाला पुस्तकातलं माप धरतो आणि मग एक पिस्टन सैल, एक घट्ट.

रिंग खोक्यातनं काढून तशीच चढवू नकोस. रिकाम्या बोअरमध्ये घाल, उलट्या पिस्टननं सरळ ढकल, फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाल. वरच्या रिंगला बोअरच्या दर इंचाला चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग) धर. तुझा तीन इंचाच्या आसपास, म्हणजे बारा थाऊ, मिलिमीटरमध्ये ०.३०. फट नसली तर गरम झाल्यावर रिंगेची दोन्ही टोकं भिडतात आणि रिंग तुटते. तुझी तीन नंबर तशीच तुटली असणार.

टॉर्करेंच
फटीचं बरोबर आहे, पण १ लाख ६४ हजार मैल चालल्यावर गॅपमुळे तुटली असं नाही वाटत. डेटोनेशन (पेट्रोल अवेळी भडकून पिस्टनला धक्के बसणं) असेल. त्या पिस्टनच्या कडेला बारीक खड्डे दिसतात का बघा. आणि आता क्रँक पण गेला म्हटल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं: १.८.

आरएक्स_१००_कायमची
उद्यमनगरी म्हणतात तेच मी वर म्हटलं होतं. बोअर करा.

बे_एरिया_बाळू
१.८ +१. स्मॉगचं एकदा विचारून घ्या मात्र.

एडिसनचा_अण्णा
+१ विकण्याला.

नोव्हायकर
पिस्टनच्या कडेला खड्डे आहेत, हो. आजोबांनी टायमिंग कुठे लावलं होतं देव जाणे.

सगळ्यांचे आभार. १.८ घेत नाही. इथून दोन तासांवर एक १.८ होतं, ७०० डॉलरला, बघून पण आलो. विकणारा म्हणाला ८० हजार मैल, पण ऑइलचं झाकण उघडलं तर आत काळा जाड थर. ते आणलं तर ते पण उघडावंच लागेल, मग माझंच का नको? दुसरं कारण असं, की १.६ रेव्ह घ्यायला मोकळं वाटतं आणि मला तेच आवडतं. बारा हॉर्सपॉवर गेले तर गेले.

ठरलं ते असं. ७८.५ चे पिस्टन आणि रिंगा मागवल्या. १९९२ च्या गाडीचा मोठ्या नाकाचा १.६ क्रँक, पुली बॉस, टायमिंग गिअर आणि बोल्टसकट, एका माणसाकडून २२० ला मिळाला. बोअरिंग, क्रँक पॉलिश आणि हेडचं व्हॉल्व्हकाम मिळून मशीन शॉपवाला ८९० म्हणतो. बेअरिंग, ऑइल पंप, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, गॅस्केट धरून २३०० च्या आत बसतंय.

टॉर्करेंच
तुमची गाडी. पण मोठ्या नाकाच्या बोल्टला टॉर्क वेगळा आहे, जवळपास १२० फूट-पाउंड. छोट्या नाकाचा आकडा वापरू नका. बेअरिंग क्लिअरन्स (मधली फट) प्लास्टिगेजने (दाबून फट मोजायच्या प्लास्टिकच्या दोऱ्याने) बघा, नुसतं बसलं म्हणून पुढे जाऊ नका.

ताकदीसाठी फुकटातलं एक सांगते. इंजिन बांधून नीट चालायला लागलं की इग्निशनचं बेस टायमिंग १० अंशांवरून १४ वर घ्या. डायग्नोस्टिक डब्यात टीईएन आणि जीएनडी लिहिलेली दोन टोकं जोडायची, हेडच्या मागचा कॅम अँगल सेन्सर सैल करून किंचित फिरवायचा, टायमिंग लाइटने बघायचं. खालच्या आरपीएमला फरक कळतो. त्यानंतर प्रीमियम पेट्रोलच घालायचं, विसरलात तर पिस्टनला पुन्हा तेच खड्डे. आणि सेन्सर निघतोय तोवर त्याची ओ-रिंग बदला, तिथून ऑइल गळणारच.

उद्यमनगरी
१.८ न्हाई घेतलंस ते ब्येस केलंस. पण इंजिन खाली हाय तोवर मागचं ऑइल सील आणि क्लच प्लेट टाक. ती तुझ्या यादीत न्हाई.

नोव्हायकर
क्लच प्लेट अजून अर्धी शिल्लक आहे, ती तशीच ठेवतोय. सील टाकतो.

उद्यमनगरी
अर्धी शिल्लक म्हणून ठेवतोस आणि दोन महिन्यांनी परत गिअरबॉक्स उतरवतोस. मी लिहून ठेवतो.

पुण्याचा_फियाटवाला
उरलेल्या दोनशेत नवा टप येतो का?

नोव्हायकर
नाही. टायर. जुने टायर २०११ चे आहेत, साइडवॉलला चिरा पडल्यात. टपाला चिकटपट्टी लावलीय.

घाटातला_गणू
पूर्ण धागा वाचला नाही, पण माझ्या मते टर्बो लावा. नाहीतर सरळ १.८ टाका.