माहीत असणं वेगळं, ठरवणं वेगळं

वर कुणीतरी विचारलंय, 'मी उद्या काय करणार हे देवाला आजच ठाऊक असेल, तर माझं पाप माझं कसं?' प्रश्न चोख आहे. पण त्यात प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनचं 'सगळं आधीच नेमलेलं' आणि कॅथलिक मत यांची गल्लत झालीय. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1547 मध्येच स्पष्ट केलं होतं की आदामाच्या पापाने माणसाची इच्छाशक्ती नाहीशी झालेली नाही.

गेल्या आठवड्यात गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीवर उभा होतो. रॅम्प उचलला जात होता आणि एक स्कूटरवाला हॉर्न बडवत धक्क्याकडे येत होता. त्याची बोट चुकणार, हे मला दिसत होतं. ती चुकली, पण माझ्या बघण्यामुळे नाही. बोएथियस या जुन्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाचं उत्तर साधारण हेच: देव काळाबाहेर आहे, त्याला आपला उद्याही समोर घडताना दिसतो.

पण मला हे अर्धंच पटतं. मी नुसता बघ्या होतो. देवाने तर बोट, नदी आणि तो घाईतला माणूस, सगळंच निर्माण केलं!

इथे मोलिना हा जेझुइट संघाचा पाद्री पुढे येतो. 1588 च्या ग्रंथात तो म्हणतो, कुठल्या परिस्थितीत कोण स्वेच्छेने काय करील, हे देव जाणतो आणि मग जग निर्माण करतो. डॉमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाचे पाद्री खवळले. वाद रोमपर्यंत गेला. शेवटी 1607 मध्ये पोप पाचव्या पॉलने कुणालाच दोषी न ठरवता दोघांना गप्प केलं. तेव्हा जुन्या गोव्यात दोन्ही संघांचे पाद्री शेजारीच राहत होते. जेवताना काय बोलत असतील कोण जाणे!