‘ड्रॅगनेट’ : संवाद इतके सपाट का?

प्रश्न | रेडिओवेडा

अमेरिकेतील एनबीसी रेडिओवर ३ जून १९४९ रोजी सुरू झालेल्या ‘ड्रॅगनेट’ या पोलीस-मालिकेचे जुने भाग गेले काही आठवडे मी क्रमाने ऐकत आहे. २२ डिसेंबर १९४९ चा, नाताळात भेट मिळालेल्या बंदुकीवरचा भाग ऐकल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. बेपत्ता झालेल्या लहान मुलाचा शोध चालू असताना सार्जंट जो फ्रायडे एखाद्या कारकुनाने नोंदवही वाचावी तशा आवाजात बोलतो, आणि तरीही ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा येतो. हा सपाटपणा त्या काळच्या ध्वनिमुद्रणाची मर्यादा आहे, की जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय? आणि ‘कथा खरी आहे, निरपराधांसाठी फक्त नावे बदलली आहेत’ ही प्रत्येक भागाच्या आरंभीची ग्वाही कितपत खरी मानावी?

उत्तर | कानसेन

मर्यादेचा प्रश्नच नाही. त्याच काळातील इतर गुन्हेकथा ऐकल्यास किंकाळ्या आणि ऑर्गनचे झंकार यांचा सुकाळ आढळतो. फ्रायडेची भूमिका करणारा आणि मालिकेचा निर्माता-दिग्दर्शक असलेला जॅक वेब स्वतः त्याच शाळेतून आला होता. १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून प्रसारित होणाऱ्या ‘पॅट नोव्हाक फॉर हायर’मध्ये तो प्रत्येक वाक्याला एक उपमा फेकणारा बेरकी नायक रंगवीत असे. (ती मालिकाही मला आवडते, पण दोन भागांनंतर उपमांचे अजीर्ण होते.)

पुढे ‘ही वॉक्ड बाय नाइट’ या १९४८ च्या चित्रपटात त्याला पोलीस प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाची लहान भूमिका मिळाली. त्या चित्रपटाचे तांत्रिक सल्लागार असलेले लॉस एंजेलिस पोलीस दलातील सार्जंट मार्टी विन यांनी त्याला ऐकवले की, रेडिओवरचे पोलीस आणि खरे पोलीस यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. वेबने ते मनावर घेतले, गस्तीच्या गाडीतून पोलिसांबरोबर रात्री काढल्या आणि त्यांची बोली कानात साठवली. कंटाळलेला, पगारावर राबणारा, पन्नास दारे ठोठावल्यावर एखादा धागा हाती लागणारा पोलीस श्रोत्यांना त्यातूनच मिळाला. वार, तारीख, हवामान, कोणत्या विभागात कोणती पाळी, जोडीदार कोण, वरिष्ठ कोण, आणि मग ‘माझे नाव फ्रायडे’, ही सुरुवातीची पद्धतही तिथलीच, केस-डायरी उघडल्यासारखी.

‘ड्रॅगनेट’ म्हणजे तळ खरवडत ओढले जाणारे जाळे. आपल्या कोकणातील रापण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नाव किती नेमके आहे हे सांगावे लागणार नाही: ओढणे तासन् तास, आणि त्यातून हाती येणारी मासळी मूठभर.

उत्तर | पडद्यामागे

कानसेन यांच्या उत्तराला ध्वनीची बाजू जोडतो, कारण माझ्या मते सपाट संवाद टिकतात ते त्यांच्याभोवतीच्या आवाजांमुळेच. बड टॉलेफसन आणि वेन केनवर्थी हे तिथले ध्वनि-परिणाम सांभाळत. इतर मालिकांत दार वाजते ते कथानक पुढे सरकावे म्हणून. इथे पावले कॉरिडॉरभर चालतात, खुर्ची सरकते, काडी ओढली जाते, दूरध्वनीची तबकडी पूर्ण फिरते, आणि तेवढा वेळ कोणी बोलत नाही. रेडिओवर शांततेची जोखीम कोणी सहसा घेत नसे, वेबने ती घेतली. नटाने आवाज चढवला असता, तर हे बारीक आवाज त्याखाली बुडाले असते.

संगीत मात्र मोजके आणि ठसठशीत. वॉल्टर शूमन यांच्या शीर्षकसंगीतातील त्या सुरुवातीच्या चार स्वरांवरून वादही झाला, कारण ते मिक्लोश रोझा यांनी १९४६ च्या ‘द किलर्स’ चित्रपटासाठी केलेल्या संगीताशी फार मिळतेजुळते होते.

उत्तर | उलटतपासणी

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. प्रकरणे पोलिसांच्या दप्तरातून येत, हे खरे. पण ते दप्तर उघडण्याची किंमत होती. लॉस एंजेलिस पोलीस दलाचे प्रमुख क्लेमन्स हॉरल यांनी सहकार्य दिले ते दलाची प्रतिमा जपली जाईल या भरवशावर. गंमत अशी की, मालिका सुरू झाली त्याच महिन्यात, वेश्याव्यवसायाला संरक्षण दिल्याच्या गाजलेल्या प्रकरणात, हॉरल यांनाच पद सोडावे लागले. १९५० मध्ये आलेले प्रमुख विल्यम पार्कर यांच्या कार्यालयाचा उल्लेख पुढे तांत्रिक साहाय्यासाठी केला जाई. त्यांच्याच कारकिर्दीत १९५१ च्या नाताळात कोठडीतील सात तरुणांना पोलिसांनी बेदम मारले. त्यांपैकी पाच मेक्सिकन वंशाचे होते. ते प्रकरणही ‘खरे’च होते, पण फ्रायडेचा विभाग त्याच्या वाटेला जाणारा नव्हता. तपशील अस्सल आणि निवड सोयीची, असे माझे मत आहे.

रेडिओवेडा

आभारी आहे. उलटतपासणी यांचा मुद्दा लक्षात ठेवून पुन्हा ऐकेन. एक राहिले: जोडीदार बेन रोमेरो १९५१ नंतर अचानक नाहीसा का होतो?

कानसेन

ती भूमिका करणारे बार्टन यारबरो डिसेंबर १९५१ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याने गेले. वेबने नवा नट आणून तेच नाव पुढे चालवले नाही. कथेतही रोमेरोला तसाच मृत्यू दिला. तो भाग अवश्य ऐका. फ्रायडेचा आवाज तिथेही चढत नाही.