डोळे उघडण्याआधीची तालीम

मांजराच्या पिल्लांचे डोळे शिवून ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी काय साधलं, असा प्रश्न कुणालाही पडेल. लहानपणी एक डोळा काही आठवडे बंद राहिला, तर पुढे तो उघडूनही मेंदू त्याची दखल घेत नाही, हे त्यांनी दाखवलं. १९८१ च्या नोबेलचे ते मानकरी.

पण मला भरून येतं ते त्यांची विद्यार्थिनी कार्ला शॅट्झ हिच्या कामाने. १९७६ मध्ये हार्वर्डची पीएचडी, मग स्टॅनफर्ड. तिचा प्रश्न साधा होता: डोळे उघडलेलेच नाहीत, तर डोळा आणि मेंदू यांच्यातल्या जोडण्या कुणाच्या सांगण्यावरून होतात? १९९१ मध्ये तिने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या, शेजारशेजारच्या पेशी उजेडाशिवायच एकदम चेततात, आणि ती लाट पुढे सरकत जाते. जणू दिसण्याआधीची तालीम! मेंदूविज्ञानासाठीचं २०१६ चं कावली पारितोषिक तिला विभागून मिळालं.

हे माझ्यासाठी पुस्तकी नाही. सांगलीत माझ्या भाचीचा डावा डोळा आळशी निघाला, म्हणजे मेंदू त्याची नीट दखलच घेत नव्हता. 'मोठी झाली की सुधारेल' या एका सल्ल्यात आमचं वर्ष गेलं. मग आळशी डोळ्याला कामाला लावायला चांगल्या डोळ्यावर पट्टी, रोज दोन तास. पहिल्या दिवशी ती रडून रडून पट्टी ओढत होती. वहिनींनी परातीत ज्वारी ओतली आणि खडे वेचायला बसवलं. आठवड्याभरात पोरगी स्वतःच परात मागायला लागली. पोरांचे डोळे शाळेत घालायच्या आधीच तपासून घ्या, कळकळीने सांगते.