हवी ती अक्षरं असलेला इंग्रजी शब्द कसा शोधता? (अनुभव धागा)

ठरावीक अक्षरं समोर आहेत आणि ती ज्यात येतात असा इंग्रजी शब्द हवाय. हे वेड ज्यांना आहे त्यांच्यासाठी हा धागा. प्रश्न तीन तऱ्हांनी पडतो: अक्षरं कुठल्याही क्रमाने चालतील, क्रम तोच हवा पण मध्ये इतर अक्षरं आली तरी चालतील, किंवा अक्षरं एकमेकांना चिकटूनच हवीत. तिन्हींच्या युक्त्या अगदी वेगळ्या आहेत. नुसतं उत्तर देऊ नका, तिथवर कसे पोचलात ते लिहा. त्यातच खरी मजा आहे.

सातटाइल्स

माझं सगळं शिक्षण स्क्रॅबलच्या, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स लावून शब्द जुळवायच्या खेळाच्या, पटावर झालं. हातात सात टाइल्स असतात, सातही एकाच खेळीत लावल्या तर 50 गुण जास्तीचे. त्यामुळे मी शब्द शोधतच नाही, आधी शेपूट शोधते. आय-एन-जी आहे का? ई-आर? ई-डी? असेल तर ते उजवीकडे सरकवायचं आणि उरलेल्या चार-पाच अक्षरांकडेच बघायचं. सातांचं ओझं एकदम हलकं होतं.

दुसरी सवय बुंध्यांची. एस, ए, टी, आय, एन, ई ही सहा अक्षरं मुरलेल्या खेळाडूंना पाठच असतात, कारण त्यांना जवळजवळ कुठलंही सातवं अक्षर चिकटतं. डी आला की इन्स्टेड, एम आला की इनमेट्स, व्ही आला की नेटिव्ह्ज, जी आला की टीझिंग, एल आला की सेलियंट. आर आला तर मेजवानीच: रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टियर. हे पाठांतर रुक्ष वाटेल, पण पटावर ते आपोआप डोळ्यांसमोर उभं राहतं तेव्हाचा आनंद फार मोठा असतो.

आणि क्यू! अख्ख्या संचात एकच, 10 गुणांचा, आणि यू हाताशी नसला की बहुतेक जण तो शेवटपर्यंत धरून बसतात. यू नसलेले क्यूचे शब्द मुख्यतः अरबी, हिब्रू, चिनीतून आलेत. कनात, निकाब, फकीर हे शब्द क्यू घालूनही लिहितात. क्यू-आय एवढ्याच स्पेलिंगचा 'ची' (चिनी कल्पनेतली प्राणशक्ती) उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांच्या यादीत 2006 साली आला आणि क्यूची भीती बरीच कमी झाली.

खडू_फळा

मी मुलांना इंग्रजी शिकवते. वर्गात एकच प्रश्न टाकते: ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर असलेला शब्द आणा. एज्युकेशन लगेच मिळतो, मग डायलॉग, इक्वेशन, कॉलिफ्लॉवर. सिक्वोया या झाडाचं नाव सहसा कोणी आणत नाही. अवघ्या सात अक्षरांत पाचही स्वर! त्यानंतर पुढची पायरी: हेच स्वर क्रमाने आणा. फसीशस आणि अ‍ॅब्स्टेमियस. उलट क्रमाने हवे असतील तर सबकॉन्टिनेन्टल.

यातून मुलांना एक गोष्ट पक्की कळते. आपण देवनागरी वाचणारी माणसं कानाने शब्द शोधतो, आणि इंग्रजीत कान पुरत नाही. एज्युकेशनचा शेवट उच्चारताना त्यातले आय आणि ओ कुठे ऐकू येतात? म्हणून मी शब्द म्हणायला लावत नाही, लिहायलाच लावते. ओ-यू-जी-एच हा तुकडा घ्या: दो, थ्रू, टफ, कॉफ, बाऊ. पाच शब्द, पाच उच्चार, पण डोळ्यांना तुकडा एकच. ज्या मुलांना असे तुकडे दिसू लागतात त्यांचं स्पेलिंग झपाट्याने सुधारलेलं मी पाहिलं आहे.

मागचीसीट

प्रवासात समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटवरची तीन अक्षरं घ्यायची आणि त्याच क्रमाने ती येणारा शब्द सांगायचा. नवखे पहिलं अक्षर शब्दाच्या सुरुवातीलाच हवं असं धरून चालतात आणि अडकतात. ते मधे ढकला. एल, जी, आर घ्या: टेलिग्राम, अ‍ॅलेगरी, प्लेजियरिझम. तिन्हींत एल सुरुवातीला नाही.

औषधीपान

मला चिकटलेल्या अक्षरांचा नाद. तोही औषधांच्या नावांमुळे लागला. हायड्रॉक्सिझिन हे अ‍ॅलर्जीवरचं औषध, त्याच्या स्पेलिंगमध्ये एक्स, वाय, झेड ओळीने बसलेत! तेव्हापासून वर्णमालेचे सलग तुकडे शोधते. एन-ओ-पी कॅनपीत आहे, एच-आय-जे हायजॅकमध्ये, एफ-जी-एच अफगाणमध्ये. चार सलग हवेत? आर-एस-टी-यू: अंडरस्टडी.

अंडरस्टडीवरूनच मला युक्ती सापडली. विचित्र जोड्या बहुधा दोन शब्दांच्या सांध्यावर मिळतात. अंडर संपतो आणि स्टडी सुरू होतो, तिथे बरोबर हे घडतं. दोन एच लागोपाठ हवेत तर एचने संपणारा एक शब्द आणि एचने सुरू होणारा दुसरा जुळवा: विथहोल्ड, बाथहाउस, हिचहायकर. दोन डब्ल्यू: ग्लोवर्म. बुककीपरमध्ये तर ओ, के, ई अशा तीन दुहेरी जोड्या लागोपाठ येतात, त्यातले दोन के सांध्यावरचेच. सांधा नसताना अशी जोडी आली, उदाहरणार्थ व्हॅक्यूममधले दोन यू, तर शब्द बाहेरून आलाय का ते बघावं. तो लॅटिनचा आहे.

ग्रेपवाला

मी हे काम यंत्राकडून करून घेतो आणि त्यात काही गैर मानत नाही. ग्रेप ही फाइलमधून हव्या त्या ओळी शोधून काढणारी आज्ञा केन थॉम्पसन यांनी युनिक्स या संगणकप्रणालीसाठी लिहिली, 1973 मध्ये ती सर्वांपर्यंत आली. शब्दांची यादी असलेली फाइल घ्या, क्यू असलेल्या ओळी काढा, त्यांतून यू असलेल्या वगळा. झालं, सातटाइल्स यांची यादी क्षणात समोर. क्रम हवा पण मध्ये काहीही चालेल, तर दोन अक्षरांमध्ये टिंब आणि तारा टाकायचा. मागच्या सीटवरचा सगळा खेळ एका ओळीत बसतो.

उलटसुलट अक्षरांसाठी मात्र वेगळी कल्पना लागते आणि ती मला फार सुंदर वाटते. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून ठेवा. लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल, इनलेट्स या पाचही शब्दांचं मग एकच रूप होतं: ई-आय-एल-एन-एस-टी. आता शोधायचं काही राहतच नाही, तेच रूप असलेले शब्द शेजारीशेजारी येऊन बसतात.

शब्दकोडी

आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आलं. त्यानंतर इतकी वर्षं माणसं कागद-पेन्सिलने हेच करत आलीत, म्हणून एक कागदी उपाय. अक्षरं ओळीत लिहू नका. ओळीत लिहिली की डोळा तोच क्रम वाचत राहतो. गोलात लिहा, व्यंजनं एका बाजूला, स्वर दुसऱ्या बाजूला.

पाचघरं

वर्डलमध्ये पाच अक्षरी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. त्यात आय-जी-एच-टी हिरवं झालं, म्हणजे योग्य जागी बसलं, की लोक खूश होतात, आणि तिथेच सहा प्रयत्न संपतात: लाइट, नाइट, राइट, साइट, फाइट, माइट, टाइट. एकेक करून बघू नका. एफ, आर, एम, एस ही चारही अक्षरं असलेला शब्द टाका, म्हणजे फॉर्म्स. चार शक्यतांचा निकाल एका प्रयत्नात लागतो. हार्ड मोडमध्ये मात्र हे करता येत नाही, म्हणून मी तो लावत नाही.

मागूनपुढे

शेवट ठाऊक असेल तर उलटा शब्दकोश वापरून बघा, ज्यात शब्द शेवटच्या अक्षरापासून मागे असे लावलेले असतात. डी-ओ-यू-एस चाळताना ट्रिमेंडस, स्टुपेंडस, हॉरेंडस, हॅझर्डस एकाखाली एक भेटतात. एम-टी उघडलं तर रोजच्या वापरातला एकच सापडतो, ड्रेम्ट, आणि त्याच्याच पोटातले अनड्रेम्ट, डेड्रेम्ट.