जुना फिल्म कॅमेरा: दुरुस्त करायचा की आत डिजिटल बसवायचा?

दांडियाबाजारकर
बाबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ माळ्यावर सापडला. माझ्या मुंजीचे, आत्याच्या लग्नाचे, बडोद्याच्या सुरसागर तलावावरच्या विसर्जनाचे सगळे फोटो यानेच काढलेले. सेल आतच राहून गेलेला, त्यामुळे बॅटरीचा खण हिरवागार झालाय आणि मागच्या झाकणाचा काळा फोम डांबरासारखा बोटांना चिकटतोय. भाचा म्हणतो, मामा आतलं सगळं काढून टाकू, रास्पबेरी पाय म्हणजे तो छोटा कॉम्प्युटर, त्याचा कॅमेरा बसवू, बाहेरून जुना आतून डिजिटल. मला हे अजिबात पटत नाहीये. दुरुस्त करून परत रोलच घालावा असं माझं ठाम मत आहे. कोणाला उलट वाटत असेल तर स्पष्ट सांगा.

मकरपुरा_मेकर
मला वाटतं उलट. भाचा बरोबर बोलतोय दादा. मागच्या महिन्यात मी एक रोल मारला, रोल घेणं, धुणं, स्कॅन सगळं धरून हजाराच्या वर गेले, ३६ फोटो त्यातले १० हललेले. फोटोमागे ३० रुपये पडतात हो! वर्षाला दोन रोल माराल आणि कॅमेरा परत माळ्यावर. डिजिटल केला तर रोज हातात राहील, पोरगा पण वापरेल.

फाइन_आर्ट्स_माजी
रोज हातात राहील पण फोटो कसला येईल ते बघा ना. पायच्या एचक्यू कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, कर्णात जेमतेम ८ मिलिमीटर, फिल्मची फ्रेम २४ बाय ३६, म्हणजे कर्ण ४३ च्या वर. साडेपाच पटीचा फरक. याशिकाची ४५ मिमीची लेन्स त्यावर २५० मिमीसारखी वागणार, समोरच्या माणसाचं फक्त नाक येईल आणि व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र अख्खा माणूस दिसत राहील. शिवाय याचं शटर लेन्समध्येच आहे, ते कायम उघडं धरून ठेवावं लागेल. मग उरलं काय, नुसता डबा. ज्या भरपूर उजेड घेणाऱ्या एफ १.७ लेन्ससाठी हा कॅमेरा लोकांनी घेतला तीच वाया.

रावपुऱ्याची_ताई
मी तुम्हा दोघांच्याही विरुद्ध. काहीच करू नका. माझ्याकडे आग्फा क्लिक थ्री आहे, आपल्याच बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला, त्याच्या पट्ट्यावर आजोबांच्या हाताचा काळा डाग आहे तो मी पुसू दिला नाही. एकदा उघडला, फोम बदलला, नवं चामडं लावलं की ती वस्तू बाबांची राहत नाही. काचेत ठेवा, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पावसाळ्यात बदलत जा, बस्स.

दांडियाबाजारकर
ताई, डाग मी पण पुसणार नाही, चामड्यालाही हात लावणार नाही. पण फोम म्हणजे बाबा नाहीत ना. तो ओघळून शटरपर्यंत गेला तर कॅमेराच संपला, आणि झाकणातून उजेड आत आला की रोल जळाला. तुमच्या क्लिकला तर बॅटरीच लागत नाही, त्याचा १२० नंबरचा रुंद रोल अजून मिळतो, १२ फोटो काढून बघा एकदा. आजोबांनी तो काचेत ठेवायला घेतला होता का?

मकरपुरा_मेकर
सेन्सरचं गणित मान्य, चांगल्या लेन्सचा नको. पण २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हा माझे तीन कॅमेरे बुडाले. शटरची पाती गंजून एकमेकांना चिकटली, स्पेअर कुठे मिळत नाही. ते भंगारात द्यायचे का? त्यातला एक तरी मी सेन्सर बसवून चालवणार, त्यात मला काही पाप वाटत नाही.

फाइन_आर्ट्स_माजी
पाप नाही, पण आधी तिन्हींचे सुटे भाग काढून ठेवा, दुसऱ्याचा चालू होईल. दांडियाबाजारकर, तुमचं काम सोपं आहे. मूळचा सेल पाऱ्याचा, ५.६ व्होल्टचा, पाऱ्यामुळे बंद झाला. ६ व्होल्टचा ४एलआर४४ घाला, तो लहान पडतो म्हणून नळी आणि स्प्रिंग लागते, उजेड मोजणाऱ्या मीटरला फरक पडत नाही. सेलशिवाय हा कॅमेरा फक्त १/५०० सेकंदावर चालतो, त्यामुळे शटरचा खटका वाजला म्हणजे बरा झाला असं समजू नका. रोल ओढायचा दांडा फिरवताना आतून 'ठक' येतो का ते ऐका. नाही आला तर आतलं छोटं रबर झिजलंय, उघडावा लागेल. आणि रोल घरी धुवा, अर्धा खर्च वाचतो, फक्त ब्लॅक अँड व्हाइट घ्या. डी-७६ डेव्हलपरला २० डिग्री लागतात आणि मे महिन्यात आपल्या टाकीचं पाणी चहासारखं येतं, तेव्हा बर्फाची परात शेजारी ठेवा.

दांडियाबाजारकर
आत्ताच केलं. इअरबडला व्हिनेगर लावून खण घासला, तीन बड हिरवे झाले मग खाली पितळ दिसलं. नळी आणि स्प्रिंग लावून सेल बसवला, समोरच्या मीटरच्या खिडकीवर हात ठेवून बटण अर्धं दाबलं तर उजेड कमी असल्याचा पिवळा दिवा लागला!! आई स्वयंपाकघरातून बघायला आली, म्हणाली हा लागला की ते म्हणायचे हलू नका. 'ठक' पण येतोय, बारीक आहे पण येतोय. भाचा गप्प बसून बघत होता, आता फोम तोच कापतोय.

रावपुऱ्याची_ताई
दिव्याचं वाचून बरं वाटलं. माझं मत बदललेलं नाही. पण १२० चा रोल बडोद्यात कुठे मिळतो तेवढं सांगा.