मारिओ मेकरमधली माझी लेव्हल लोक अर्ध्यात का सोडतायत?

घसरगुंडी_पुणे
मंडळी जरा मदत करा. सुपर मारिओ मेकर 2 (आपणच मारिओच्या लेव्हल बनवायच्या आणि इतरांच्या खेळायच्या तो गेम) खेळतोय सहा महिने झाले (निंटेंडो स्विच हा कन्सोल आत्तेभावाने अमेरिकेतून आणून दिला). तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की बसून एक लेव्हल बनवली. बर्फाची थीम आणि ती पण रात्रीची, म्हणजे पाय घसरतात. लाल-निळे ठोकळे, लेव्हलमधल्या स्विचला डोकं मारलं की एक रंग विरतो आणि दुसरा भरतो, आणि मधे एका खड्ड्यावर मी लपलेला ब्लॉक ठेवलाय, उडी मारली की डोकं आपटून सरळ खाली 😈 मला वाटलं लोक हसतील. 340 वेळा खेळली गेलीय आणि पास फक्त 6. लाइकपेक्षा बू (म्हणजे नापसंती) जास्त. आता अपलोड करायच्या आधी स्वतः पास करून दाखवावीच लागते, त्यामुळे अशक्य तर नाहीये ना, मी तर 48 सेकंदांत डोळे झाकून करतो. मग घोडं अडतंय कुठे?

पाइपवाला
"डोळे झाकून" इथेच अडतंय भावा. तुला ती पाठ आहे. समोरच्याला पुढच्या स्क्रीनवर काय आहे ते माहीतच नाही, आणि तू त्याला न दिसणाऱ्या ब्लॉकवर डोकं आपटायला लावणार असशील तर तो खेळत नाहीये, मटका लावतोय. 1985 च्या सुपर मारिओ ब्रदर्समधली पहिली लेव्हल, 1-1, आठव. आपण ते कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर खेळलो, कुणी काही शिकवलं नव्हतं. पहिला गुम्बा (तो चालत येणारा छोटा शत्रू) अंगावर येतो, मेलास तर सुरुवातीपासून, पण सुरुवात चार पावलांवरच असते म्हणून राग येत नाही. मग ब्लॉकमधून मशरूम निघतं, पाइपला आपटून उलटं तुझ्याच दिशेला येतं, आणि तू घाबरून उडी मारलीस तरी डोक्यावर विटा असल्यामुळे बहुतेक वेळा परत त्याच्यावरच पडतोस. मारिओ बनवणाऱ्या मियामोतोने ती जागा मुद्दाम तशी बनवलीय. आपल्याला वाटतं आपणच शोधलं!! मेलास तरी कुणाची चूक ते कळलं पाहिजे. तुझ्या ब्लॉकने मेलेल्या माणसाची चूक काय सांग बरं?

रात्रपाळी
थोडा असहमत. लपलेल्या ब्लॉकला उगाच शिव्या नकोत, काइझोवाल्यांचं (मुद्दाम भयंकर अवघड लेव्हल बनवणाऱ्यांचं) अख्खं दुकान त्यावरच चालतं आणि मी स्वतः एकेका उडीसाठी रात्र घालवलीय. पण चांगला काइझो बनवणारा खुणा ठेवतो. बाण असतो, कासवाचं कवच नेमकं कुठे फेकायचं तिथे नाणं असतं, काय करायचं ते कळतं आणि फक्त बोटांना जमत नाही. तो त्रास गोड असतो. स्विचच्या आधीच्या वी यू कन्सोलवरच्या पहिल्या मारिओ मेकरमध्ये कुणीच पास न केलेल्या लेव्हल संपवायला "टीम झिरो पर्सेंट" नावाची मंडळी वर्षानुवर्षं बसली होती, 8 एप्रिल 2024 ला सर्व्हर बंद व्हायच्या आत सगळ्या संपवायच्या म्हणून. अगदी शेवटी उरलेल्या लेव्हलबद्दल बनवणाऱ्याने मार्चमध्ये कबूल केलं की ती त्याने हाताने पास केलेलीच नाही, बटणं आपोआप दाबणारं टूल वापरलं. म्हणजे ती मोजायचीच गरज नव्हती, तरी एका पठ्ठ्याने सर्व्हर बंद व्हायच्या आधी हाताने काढलीच 🙏 सांगायचा मुद्दा, लोक अवघडला पळत नाहीत.

भाच्याची_मावशी
मी तज्ज्ञ वगैरे नाही पण माझा आठ वर्षांचा भाचा माझ्या शेजारी बसून एंडलेस चॅलेंज (लोकांनी बनवलेल्या लेव्हल एकामागून एक येत राहतात ते) खेळतो त्यावरून सांगते. पहिल्या दोन सेकंदांत स्क्रीनवर पंधरा शत्रू दिसले की म्हणतो "मावशी स्किप". आपोआप चालणाऱ्या लेव्हल, ज्यात कंट्रोलरला हात लावायचा नाही, त्या एकदा बघतो आणि विसरतो. त्याला परवा आवडलेल्या लेव्हलमध्ये फक्त थ्वॉम्प होते, ते दगडी तोंडाचे आदळणारे. पहिला रिकाम्या जागी आदळला, नुसता बघायला. दुसऱ्याच्या खालून पळायचं. मग एकाच्या डोक्यावर उभं राहून लिफ्टसारखं वर जायचं, तेव्हा हा सोफ्यावरच उभा राहिला. आणि शेवटच्या खोलीत वर काटे, म्हणजे तीच लिफ्ट आता मारायला निघालेली! एकच वस्तू, पण दर वेळी नवीन. सुपर मारिओ थ्रीडी लँडचे दिग्दर्शक कोइची हायाशिदा यांनी असंच सांगितलंय, आधी शिकवा, मग वाढवा, मग कलाटणी द्या, मग शेवट. तुझ्या लेव्हलमध्ये बर्फ पण आहे, स्विच पण आहे, वर ब्लॉकची थट्टा पण आहे. मिसळीत श्रीखंड झालंय रे.

घसरगुंडी_पुणे
मिसळीत श्रीखंड 😂 लागलं बरं का.
अपडेट देतो. काल मावसभावाला खेळायला बसवला आणि ठरवलं की तोंड उघडायचं नाही. फार अवघड गेलं. लपलेल्या ब्लॉकपर्यंत तो पोचलाच नाही!! पहिल्या स्विचलाच नऊ वेळा मेला, कारण स्विच मारला की तो ज्या ठोकळ्यावर उभा असतो तोच विरतो आणि खाली काटे. मला ती जागा सोपी वाटत होती. मेल्यावर बाकीचे कुठे मेले त्या फुल्या दिसतात ना, तिथे फुल्यांचा खच पडला होता, मीच कधी नीट बघितलं नव्हतं.
आता पहिल्या स्विचखाली काट्यांऐवजी साधी जमीन टाकली, पडला तर पडला, दोन पावलं मागे जाऊन परत. लपलेला ब्लॉक काढला (जीवावर आलं). साधा बर्फ ठेवला, घसरडा नाही. अपलोड केलेली लेव्हल बदलता येत नाही म्हणून जुनी डिलीट करून नवी टाकली, होते नव्हते ते लाइकही गेले.
पण आता नवीन लफडं. दोन दिवसांत 57 वेळा खेळली गेली, 19 पास, आणि कुणीतरी 31 सेकंदांत रेकॉर्ड केलंय. मला कळेना कसं, तर पठ्ठ्याने पहिला स्विच मारून भिंतीवरून छतावर उडी घेतली आणि वरून पळत सुटला, मधला अख्खा भाग सोडून. छत बंद करू का?

पाइपवाला
अजिबात नको! जुन्या मारिओच्या 1-2 मध्ये आपण छतावरूनच पळत वॉर्प झोनला (पुढच्या जगांत थेट नेणाऱ्या पाइपांच्या खोलीत) जायचो की. वर चार नाणी ठेव आणि बघ कोण कोण चढतंय.

भाच्याची_मावशी
लेव्हलचा कोड टाक आधी. भाचा शाळेतून येईल एवढ्यात.